मु. मनोराज्य, पो. बेसा

रविवारी सकाळी बेसा-घोगली रस्त्याला लागून असलेल्या कुठल्याही ले-आउटमध्ये शिरा. एखाद्या मोकळ्या प्लॉटवर एक गृहस्थ उभे दिसतील. चार कोपऱ्यांत चार सिमेंटचे खांब, मध्ये कमरेएवढं गाजरगवत. गृहस्थ चार पावलं मोजून टाकतात, थांबतात आणि चप्पल काढतात, कारण तिथे देवघर आहे. मग उजवीकडे वळून हवेतली कडी उघडतात आणि मान वाकवून आत जातात, कारण जिन्याखालचं न्हाणीघर जरा बुटकं झालंय. त्यांच्या सौभाग्यवती दहा फुटांवरून ओरडतात, "सिंक तिकडे नको हो! भांडे घासताना मला रस्ता दिसला पाहिजे ना!" यावरून दोघांचं जुंपतं. भिंत नाही, छप्पर नाही, नळ तर नाहीच. पण भांडण अस्सल, आयएसआय मार्कचं. "बांधकाम कधी काढून राहिले मग?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "पाहू ना भाऊ, एकदा पोराचं लग्न होऊन जाऊ दे." पोरगा सातवीत आहे.

हेच लहान मुलांनी केलं तर आपण त्याला भातुकली म्हणतो आणि 'अभ्यासाला बसा' म्हणून उठवतो. मोठ्यांच्या भातुकलीला एनए-टीपी आणि आरएलचे सरकारी कागद लागतात, बँक तिला कर्ज देते आणि महिन्याच्या महिन्याला हप्ता कापते, म्हणून तिला गुंतवणूक म्हणायची पद्धत पडली आहे. मोठं झाल्यावर माणूस खेळणं सोडत नाही, फक्त दार लावून खेळतो.

दार का लावतो, ते फ्रॉइडसाहेबांनी १९०७ साली व्हिएन्नातल्या एका व्याख्यानात सांगून ठेवलं आहे. मोठ्या माणसाला आपल्या मनोराज्याची इतकी लाज वाटते, की एक वेळ तो आपली पापं कबूल करेल, पण मनातले मांडे दाखवणार नाही. साहेब बेसाला आले नव्हते, तरी निरीक्षण चोख. आमच्या स्कीममध्ये पार्किंगची दुसऱ्याची जागा कशी दाबली, हे माणसं चारचौघांत टाळ्या देत सांगतात. पण आंघोळ करताना आपण रोज ज्ञानपीठ स्वीकारतो, हे मात्र बायकोलाही कळू देत नाहीत.

खरं तर बेसात लाजायचं काही कारण नाही. नागपूरच्या दक्षिणेला, मनीषनगर ओलांडलं की लागणारं हे गाव, आता बेसा-पिपळा नगरपंचायत, कल्पनेच्या पायावरच उभं आहे. जिथे तूर आणि सोयाबीन डोलत होतं, तिथे आधी होर्डिंग उगवलं. होर्डिंगवर निळाशार पोहण्याचा तलाव, विदर्भात कधीही न उगवलेली झाडं आणि हातात हात घालून चाललेलं जोडपं. रस्त्यावर एकही गाय नाही. खाली लिहिलेलं, 'मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं'. ती पाच मिनिटं बिल्डरच्या मनातली. त्या मनातल्या मिनिटांवर भरवसा ठेवून वर्ध्याहून, चंद्रपूरहून, भंडाऱ्याहून माणसं आली आणि राहायला लागली. मग हळूहळू खरोखरच शाळा आल्या, दवाखाने आले, स्वामी समर्थांच्या मंदिराकडे गुरुवारी रीघ लागू लागली, मिसळीची आणि तर्री-पोह्यांची दुकानं आली. गाय मात्र होती तिथेच आहे.

आणि एकट्या बेसाला तरी का बोल लावायचा? आमचं अख्खं शहर रोल-प्ले करतं. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशची. पुढे राजधानी गेली आणि १९५३ च्या नागपूर करारातून उरलं ते विधिमंडळाचं नागपुरातलं अधिवेशन. त्यामुळे बहुतेक हिवाळ्यांत काही दिवस आम्ही राजधानी-राजधानी खेळतो. दुभाजकांना रंग लागतो, खड्डे बुजतात, सरकारी गाड्यांची वर्दळ होते आणि बेसा चौकातल्या पानठेल्यावर उभा असलेला प्रत्येक इसम 'सूत्रांच्या माहितीनुसार' बोलू लागतो. अधिवेशन उठलं की सूत्रं पुन्हा खर्रा घोटायला लागतात.

तेव्हा या विषयात आम्ही नवखे नाही. पण अभ्यासकांनी आमच्याकडे न येता अमेरिकेत अभ्यास केला. येल विद्यापीठातले जेरोम सिंगर यांनी १९५० च्या दशकापासून उभी हयात दिवास्वप्नांच्या मागे घालवली आणि त्यांच्या तीन जाती पाडल्या. पहिली आनंदी आणि काहीतरी घडवणारी. दुसरी खंत, भीती आणि उट्टं काढण्याची. तिसरी धड कुठेच न टिकणारी. या तिन्ही जाती आमच्या बी विंगमध्ये लिफ्ट बंद असतानाही जिना चढून पाहता येतील.

पहिल्या जातीत बहुमत आमच्या वहिनी-काकूंचं. दुपारी बाराला कुठल्याही स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कान द्या. आत एकटी बाई असते, पण आवाज येतो, "तर आता आपण यामध्ये टाकणार आहोत चिमूटभर हिंग… छान असा खमंग वास सुटलेला आहे…" समोर कॅमेरा नाही, पण भांडं तिरकं धरलेलं असतं, प्रेक्षकांना आतलं दिसावं म्हणून. नागपूरच्याच विष्णू मनोहरांनी २०१७ साली सलग पन्नासहून अधिक तास स्वयंपाक करून विक्रम केला, तेव्हापासून या कार्यक्रमांना आणखी जोर आला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं त्या विक्रमावर एकच म्हणणं, "मी तीस वर्षांपासून सलग करून राहिली. कॅमेरावाला आला नाही, मी काय करू?" पण हे बोलताना त्या हसतात, आणि त्यांची पाटवडीची आमटी त्या अदृश्य प्रेक्षकांमुळे अधिक चांगली होते, हे मी खाऊन सांगतो.

याच जातीत लिफ्टची वाट पाहताना गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने कव्हर ड्राइव्ह मारणारे बँकेतले साहेब येतात. जामठ्याचं स्टेडियम २००८ मध्ये सुरू झालं, ते बेसाहून गाडीने जवळ पडतं, त्यामुळे आपली निवड केवळ अंतरावरून अडली नव्हती, हे त्यांना तेव्हा कळलं. तरीही ते रोज खेळतात. साहेबांचा चेंडू कधी हवेत जात नाही. फटका मारल्यावर ते मान वर करून टाळ्यांचा स्वीकारही करतात, आणि नेमकं तेव्हाच लिफ्टचं दार उघडतं. मग मान दुखत असल्याचा अभिनय करावा लागतो, म्हणजे एका भूमिकेतून थेट दुसऱ्या भूमिकेत.

सत्कारमूर्तींचा वर्ग न्हाणीघरात सापडतो. "मी एक सामान्य माणूस…" इथपासून सुरुवात होते. मात्र बेसाच्या बऱ्याच भागांत उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागत असल्यामुळे ही भाषणं मुद्देसूद असतात. बादली संपली की अध्यक्षीय समारोप.

दुसरी जात रस्त्यावर. मनीषनगरकडून बेसाकडे येणाऱ्या दुचाकीस्वारांचे जबडे पाहा. हेल्मेटच्या आत प्रत्येकाचं कोर्ट भरलेलं असतं. आरोपी बहुधा साहेब, साळा किंवा सोसायटीचा सेक्रेटरी. "अरे, तेव्हा तुम्ही काय म्हणले होते? आता काहून गप्प?" यावर आरोपी नेहमी निरुत्तर होतो, घाम पुसतो, माफी मागतो. खटला असतो दहा वर्षांपूर्वीच्या लग्नातला, जिथे आपल्याला पहिल्या पंगतीला बसवलं नव्हतं. रोज सुनावणी, रोज निकाल आपल्या बाजूने, आणि तरी दुसऱ्या दिवशी तोच खटला पुन्हा बोर्डावर. जिंकूनही समाधान नाही, असं हे एकमेव न्यायालय.

तिसरी जात मे महिन्यात फोफावते. पारा पंचेचाळिशीच्या पुढे, रस्ते ओस, घराघरात कूलर. कूलरच्या घरघरीत माणूस स्वतःशी कितीही बोलला तरी शेजाऱ्याला ऐकू जात नाही, त्यामुळे वातावरण पोषक. एक काका कूलरमध्ये पाणी टाकायला पाइप घेऊन उभे राहिले. पाण्यावरून त्यांना अंबाझरी तलाव आठवला, तलावावरून कॉलेज, कॉलेजवरून एक सायकल, सायकलवरून तिची मालकीण, मालकिणीवरून तिचा नवरा, नवऱ्यावरून त्याचा पेट्रोल पंप, पंपावरून इंधनाचे भाव, आणि भावावरून ते देशाच्या अर्थसंकल्पात शिरणार तेवढ्यात आतून आरोळी आली, "अहो! हॉलमध्ये पाणी!"

मनाच्या अशा भरकटण्यावर हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २,२५० माणसांना फोनवरून अवेळी विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. एक काम सोडलं तर प्रत्येक कामात निदान तीस टक्के वेळा मन बाहेर फिरायला गेलेलं. ते एक काम कोणतं, हे घरात वाचल्या जाणाऱ्या लेखात सांगता येत नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की भरकटलेलं मन दुःखी असतं. आमच्या कूलरवाल्या काकांना हा निष्कर्ष मान्य नाही. "दिवसातून तीनदा फोन करून कोणी सुखी आहे का म्हणून विचारलं, तर सुखी माणूसही दुःखी होईल ना बाप्पा. मला वाटेल लोनवाल्याचाच फोन आहे." पण त्या अभ्यासातला बारकावा काकांच्या बाजूचा आहे. गोड विचारांत रमलेली माणसं कामात गढलेल्यांपेक्षा सुखी नव्हती, पण दुःखीही नव्हती. घसरण दिसली ती कडू आणि मचूळ विचारांत. म्हणजे पाटवडीवाल्या काकू निर्दोष सुटतात आणि हेल्मेटमधले वकील अडकतात.

बरं, मन भरकटू द्यायचं नाही म्हटलं तरी ते ऐकतं कुठे? अमेरिकेतल्या सेंट लुइसचे मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं, की माणूस काही करत नसतो तेव्हाही मेंदूचे काही भाग उलट जास्तच कामाला लागलेले असतात. आठवणी चाळणं, उद्याचं रंगवणं, दुसरा काय म्हणेल याचा अंदाज बांधणं, ही त्यांची कामं. या खात्याचं बेसाकरांसाठी एक हक्काचं कार्यालय होतं, मनीषनगरचं रेल्वे फाटक. फाटक पडलं की शेकडो माणसं इंजिन बंद करून मालगाडीचे डबे मोजत उभी राहायची, आणि विसाव्या डब्याच्या आसपास मोजणं सुटून प्रत्येक जण कुठे कुठे जाऊन यायचा. तिथे राजीनामे लिहिले गेले, मुलींची नावं ठरली, हॉटेलं काढली गेली आणि त्यांचे मेनूही छापून झाले. आता उड्डाणपूल झाला. वेळ वाचला म्हणतात. वाचलेल्या वेळात माणसं मोबाइल पाहतात, म्हणजे दुसऱ्याने पाहिलेलं स्वप्न.

एकट्याने पाहिलेलं मनोराज्य आणि चौघांत वठवलेली भूमिका, यांत एक मोठा फरक आहे. मनोराज्यात समोरचा कधी उलटून बोलत नाही; नाटकात त्यालाही संवाद असतात. माणसाच्या मनाच्या तब्येतीला हे दुसऱ्याचे संवाद फार मानवतात. याकोब मोरेनो नावाच्या डॉक्टरांनी हे ओळखलं. त्यांनी १९२१ साली व्हिएन्नात, मुद्दाम निवडल्यासारख्या १ एप्रिलच्या दिवशी, रंगमंचावर एक सिंहासन ठेवलं आणि प्रेक्षकांना म्हटलं, या, राजे व्हा, राज्य चालवून दाखवा. कोणाचंच राज्य लोकांना पसंत पडलं नाही. पण त्यातून 'सायकोड्रामा' नावाची उपचारपद्धत उभी राहिली. तिच्यात एक हमखास युक्ती आहे, भूमिकांची अदलाबदल: ज्याच्याशी तुमचं भांडण, त्याची भूमिका तुम्ही करायची.

ही युक्ती आमच्या स्कीमच्या गच्चीवर कोजागिरीला चालवून पाहिली गेली. मसाला दूध आटत होतं, तेवढ्यात वहिनीमंडळींनी फर्मान काढलं, की आज नवऱ्याने बायको व्हायचं आणि बायकोने नवरा. बँकेतले साहेब ओढणी घेऊन उभे राहिले. त्यांच्या सौभाग्यवती खुर्चीत बसल्या, पेपर तोंडासमोर धरला. साहेब बायकी आवाजात म्हणाले, "अहो, गॅस संपला." पेपरमागून आवाज आला, "अं." साहेब म्हणाले, "पोराची फी भरायची आहे." पेपरमागून, "अं." साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "तुमचं लक्ष आहे का?" पेपर इंचभर खाली आला. "चहा झाला का?" गच्ची फुटली. साहेबही हसले, पण मग बराच वेळ दुधाच्या पातेल्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टसमोर कव्हर ड्राइव्ह होतो, पण घरात पेपर टेबलावर ठेवून वाचला जातो, असं अधिकृत सूत्रांकडून समजतं.

विदर्भाला यासाठी व्हिएन्नाची उसनवारी करायचीही गरज नाही. आपल्याकडे बहुरूपी होता. आज फौजदार, उद्या वैद्य, परवा नारद. दारात येऊन "तुमच्या नावाचं वॉरंट आहे" म्हणायचा, आणि सगळ्यांना माहीत असूनही घरातल्या म्हातारीच्या काळजात क्षणभर धस्स व्हायचं. आज तो बेसाच्या एखाद्या गेटेड स्कीमवर फौजदाराच्या वेशात आला, तर वॉचमन सॅल्यूट ठोकून आत सोडेल. वेश उतरवून खऱ्या रूपात आला, तर मात्र रजिस्टरमध्ये नाव, गाडी नंबर, कोणाकडे, काय काम.

आणि बेसाहून पूर्वेकडे निघालात, की काही तासांत झाडीपट्टी लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात दिवाळीनंतर कापणी आटोपली, की वडश्याच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात. गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. दिवसा शेतात राबणारा, शाळेत शिकवणारा, दुकान सांभाळणारा माणूस रात्री राजा होतो, खलनायक होतो, पोटभर मरतो आणि सकाळी पुन्हा आपल्या कामाला लागतो. यात हसण्यासारखं काही नाही, हे सरकारलाही पटलं. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या नाटकाला पडदा उघडायची वेळ असते आणि पडायचीही. संवाद विसरला तर सांगायला माणूस असतो, भाव खाल्ला तर शिट्टी मारायला हजारो माणसं असतात. न्हाणीघरातल्या ज्ञानपीठाला या तीनही सोयी नाहीत.

सोयी नसल्या की कधीकधी अडचण होते, आणि तिथे मात्र विनोद बाजूला ठेवायला हवा. हैफा विद्यापीठातले एली सोमर यांनी २००२ मध्ये अशा काही रुग्णांबद्दल लिहिलं, ज्यांची दिवास्वप्नंच त्यांचं आयुष्य खाऊन टाकत होती. कानात संगीत, येरझारा, आणि आत तासन् तास चाललेली कथा. काम राहून गेलं, माणसं सुटली, आणि थांबावंसं वाटूनही थांबता येईना. आपल्याकडे आता इअरबडमुळे कोण फोनवर बोलतंय आणि कोण स्वतःशी, हे कळत नाही. बोलणाऱ्यांची सोय झाली, पण काळजी करणाऱ्यांची पंचाईत. आपल्या घरातला कोणी असा हरवत चालला असेल, तर त्याला 'मुंगेरीलाल' म्हणून हिणवू नये. दूरदर्शनवर तो १९८९ मध्ये आला, रघुवीर यादव यांनी साकारला आणि सगळ्यांना आवडला, कारण त्याची स्वप्नं अर्ध्या तासात संपायची. ज्याची संपत नाहीत, त्याला माणूस हवा असतो, आणि गरज पडली तर डॉक्टर. सरकारचा 'टेली-मानस' हा १४४१६ क्रमांक मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही. कढईसमोर कार्यक्रम करा, लिफ्टसमोर शतक ठोका, अधिवेशनाच्या दिवसांत मंत्रिमंडळ बनवा आणि पाडा. फक्त दोन अटी पाळा. ज्या मनोराज्यात रोज त्याच साळ्याला हरवावं लागतं, तिथे एकदा स्वतः साळा होऊन पाहा. खटला निकालात निघेल. आणि कोणाला तरी सोबत घ्या, म्हणजे खेळ खेळच राहील. राजा कोणीही व्हा, पण सकाळी कचऱ्याची गाडी आली, की डबा घेऊन खाली तुम्हालाच जायचं आहे.